हयात माणसांच्या जनुकांत काय उरते आणि काय पुसले जाते

आइसलँडवर कायमची मानवी वस्ती झाली ती इसवी सन ८७०च्या सुमारास. कोण आले, कुणी कुठली जमीन धरली याच्या नोंदी तिथल्या जुन्या ग्रंथांत आहेत आणि त्यांत नॉर्वेहून आलेले पुरुष ठळक दिसतात. २००० आणि २००१ साली आजच्या आइसलँडवासीयांच्या डीएनएचे अभ्यास प्रसिद्ध झाले आणि त्या चित्रात बायका आल्या. पितृवंशाच्या सुमारे तीन-चतुर्थांश खुणा स्कॅन्डिनेव्हियातल्या निघाल्या. मातृवंशाच्या मात्र निम्म्याहून अधिक खुणा ब्रिटन-आयर्लंडकडच्या होत्या. वसाहत करणाऱ्या पुरुषांबरोबर आयर्लंड-स्कॉटलंडच्या कितीतरी स्त्रिया या बेटावर उतरल्या होत्या. त्यांतल्या काहींना गुलाम म्हणून आणले होते.

हे कळते कसे? हाताने नकललेल्या पोथ्यांमध्ये एखाद्या लेखनिकाची चूक पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरते आणि अशा चुका जुळवून कोणती पोथी कुठल्या पोथीवरून उतरवली हे अभ्यासक ठरवतात. डीएनएचेही तसेच आहे. पिढी पुढे जाताना त्यात अधूनमधून एखादे अक्षर बदलते. असा बदल घडला की तो त्या व्यक्तीच्या वंशजांकडे जाऊ शकतो, आणि आपल्याला खूण मिळते. पण बहुतेक गुणसूत्रांत आईकडचे आणि वडिलांकडचे तुकडे दर पिढीत एकमेकांत मिसळतात, त्यामुळे वंशाचा धागा गुंततो. दोन ठिकाणी तो सरळ राहतो. वाय गुणसूत्राचा बहुतांश भाग बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो. आणि मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा, अवघ्या १६,५६९ अक्षरांचा डीएनए फक्त आईकडून येतो.

१९८७ साली रेबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी १४७ जणांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएची तुलना केली. त्या सगळ्यांचे मातृवंश मागे नेले तर आफ्रिकेत, सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीपाशी मिळतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तिला बायबलमधल्या पहिल्या स्त्रीवरून ‘ईव्ह’ म्हटले गेले आणि मोठा गैरसमज पसरला. ती त्या काळची एकटी स्त्री नव्हती. तिच्याभोवती इतर स्त्रिया होत्या, त्यांचेही वंशज आज आहेत. फक्त त्यांची आई-मुलगी-नात ही अखंड साखळी कुठेतरी तुटली, कारण कुणाला मुलगेच झाले, कुणाला मूलच झाले नाही. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा भरतात. मायटोकॉन्ड्रिया त्यांतल्या एकीबद्दल बोलतो, वाय गुणसूत्र एकाबद्दल. उरलेल्या १,०२२ जणांविषयी ही दोन्ही चिन्हे गप्प आहेत.

म्हणून माझे ठाम मत असे, की हयात माणसांच्या खुणांवरून काढलेला इतिहास हा टिकून राहिलेल्यांचा इतिहास असतो. ज्यांची रेषा थांबली ते त्यात दिसत नाहीत, आणि नंतर झालेली सरमिसळ आधीच झाल्यासारखी भासते.

पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियन लोकांचेच पाहा. त्यांचे मातृवंश जवळजवळ सगळे आशियाई, तैवानच्या बाजूने येणारे. पितृवंश मात्र बहुतांशी न्यू गिनीच्या परिसरातले. यावरून सहज वाटते, की आशियातून निघालेले दर्यावर्दी न्यू गिनीजवळ थांबले, तिथल्या पुरुषांचा त्यांच्या कुटुंबांत शिरकाव झाला आणि मग मिश्र समाज पूर्वेकडच्या रिकाम्या बेटांवर गेला. कथा नीट जुळते. पण २०१६ साली वानुआटुतले तीन आणि टोंगातला एक अशा चार जुन्या सांगाड्यांच्या, म्हणजे सुमारे २,३०० ते ३,१०० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या, कानाजवळच्या अतिशय घट्ट हाडातून डीएनए मिळाला. त्यांच्यात न्यू गिनीकडचा वारसा जवळजवळ नव्हता. पहिले दर्यावर्दी त्या बेटांवर पोहोचले होते ते बहुतांशी अमिश्रितच. न्यू गिनीकडची माणसे मागाहून आली.

आइसलँडमध्येही असेच घडले. २०१८ साली सुरुवातीच्या वसाहतकाळातल्या २७ जणांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचले गेले. आजच्या लोकसंख्येपेक्षा त्या काळी आयर्लंड-स्कॉटलंडकडचा वारसा जास्त होता. मधल्या हजार वर्षांत त्या छोट्या लोकसंख्येत काही वंश वाढले, काही आटले. गुलामांना मुले वाढवायची संधी कमी मिळाली असावी, हेही एक कारण सुचवले गेले. अन्याय एवढा दूरवर पोहोचतो, की पीडितांचा वाटा जनुकांतही घटतो. हे वाचून मी कितीतरी वेळ पुढे गेलो नाही.

सायबेरियात इर्तिश नदीकाठी, उस्त-इशिम इथे मांडीचे एक हाड सापडले. ते ४५,००० वर्षांपूर्वीच्या माणसाचे. आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या जीनोममध्ये सुमारे दोन टक्के भाग निअँडरथलांकडून, म्हणजे आता नामशेष झालेल्या एका मानवसमूहाकडून, आलेला आहे. उस्त-इशिमच्या माणसातही तो होता, पण त्याचे तुकडे आजच्यापेक्षा कितीतरी लांब होते. दर पिढीच्या मिसळणीत असे तुकडे आणखी बारीक होत जातात. त्यामुळे तुकड्यांच्या लांबीवरून मागे मोजत जाता येते: त्याच्या जन्माआधी काही हजार वर्षांपूर्वी निअँडरथलांशी संकर झाला होता. माणसांच्या भेटीचा काळ अशा रीतीने हाडात जपला जातो. आणि खुद्द या माणसाच्या समूहाचा ठळक वारसा आज जगातल्या कुठल्याही समाजात आढळत नाही. फक्त हयात माणसे तपासली असती, तर ही माणसे तिथे कधी होती याचाच पत्ता लागला नसता.

अडचण अशी, की उष्ण हवेत डीएनए लवकर तुटतो. सायबेरियाच्या थंडीत लाखभर वर्षांपूर्वीच्या निअँडरथलचाही जीनोम टिकला. आफ्रिकेत, जिथे आपला इतिहास सर्वांत लांब आहे, तिथला पहिला प्राचीन संपूर्ण जीनोम २०१५ साली हाती आला. तो इथिओपियातल्या मोटा गुहेतला, जेमतेम साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. म्हणून आफ्रिकेत हयात माणसांचे नमुने अधिक बारकाईने घेणे मला निकडीचे वाटते. २०१३ साली एका आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबातल्या वाय गुणसूत्रात अशी एक शाखा सापडली, जी तोवर माहीत असलेल्या सगळ्या पितृवंशांहून आधी फुटलेली होती. तिचे नातलग पश्चिम कॅमेरूनमधल्या म्बो लोकांत मिळाले. या एका कुटुंबाच्या नमुन्याने पितृवंशाच्या वृक्षाचे मूळ हजारो वर्षे मागे ढकलले.