अपंगत्व-साहाय्य आणि त्याच्या आखणीतील वाटा

अपंग व्यक्तींना जगण्यासाठी लागणारा पैसा, मदतनीस, साधने आणि सेवा न्याय्य प्रमाणात मिळाव्यात, आणि ही व्यवस्था कशी असावी हे ठरवताना त्यांचाच शब्द मोजला जावा, यासाठी चाललेली चळवळ. या दोन मागण्या आज एका दमात उच्चारल्या जातात. पण त्या वेगवेगळ्या वेळी जन्मल्या आणि काही काळ तर एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या होत्या. पहिली मागणी ‘किती’ची, दुसरी ‘कोणी ठरवायचे’ याची. चळवळीचा इतिहास बव्हंशी या दोन प्रश्नांच्या ओढाताणीचा आहे.

साहाय्य म्हणजे केवळ मासिक भत्ता नव्हे. सकाळी अंथरुणातून उठवून बसवणारा मदतनीस, व्हीलचेअर आणि तिची दुरुस्ती, सांकेतिक भाषेचा दुभाषी, ब्रेलमधील कागदपत्रे, घरात करावे लागणारे फेरबदल, बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला व्यवहार उलगडून सांगणारा विश्वासू माणूस, हे सगळे त्यात येते. अपंगत्वाचा आर्थिक भार दुहेरी असतो. कमाई घटते आणि तेच आयुष्य जगायला खर्च मात्र जास्त लागतो. म्हणून फक्त गरिबीच्या निकषावर बेतलेल्या योजना तोकड्या पडतात. कागदोपत्री गरीब न ठरणारे कुटुंब एका मदतनिसाच्या पगाराने गरीब होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना, म्हणजे लोकसंख्येच्या १६ टक्क्यांना, लक्षणीय अपंगत्व आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे तीव्र अपंगत्व असलेल्यांपैकी जेमतेम एकतृतीयांश (३३.५ टक्के) लोकांना अपंगत्वाचा रोख लाभ मिळत होता.

‘किती’चा लढा संघटितपणे पुढे आला तो १९६५ मध्ये, ब्रिटनमध्ये. मेगन डू बॉइसन आणि बेरिट मूर या दोन अपंग गृहिणींनी ‘डिसेबलमेंट इन्कम ग्रुप’ स्थापन केला. लाभ विम्याच्या हप्त्यांशी जोडलेले असल्याने ज्यांनी कधी पगारी नोकरी केली नाही, त्या गृहिणींच्या वाट्याला काहीच येत नव्हते. अपंगत्वाचे कारण काहीही असो, राज्याने उत्पन्न द्यावे, अशी त्यांची सरळ मागणी होती.

दुसऱ्या प्रश्नाची सुरुवात मात्र पैशातून झाली नाही, ती बंदिस्तपणातून झाली. ब्रिटनमधल्या हँपशर परगण्यातील ‘ल कोर्ट’ या निवासी संस्थेतले अपंग रहिवासी झोपण्याची वेळ स्वतः ठरवण्यापासून व्यवस्थापनात प्रतिनिधी असण्यापर्यंतच्या मुद्द्यांवर संस्थाचालकांशी झगडत होते. आपली बाजू अभ्यासाने सिद्ध होईल या भरवशावर त्यांनीच संशोधकांना पाचारण केले. संशोधक आले, राहिले, त्यांनी निरीक्षणे टिपली. आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात संस्थांचे काम सुधारण्याच्या सूचना आल्या, रहिवाशांच्या हाती कारभार देण्याची मागणी बाजूलाच राहिली. तेथे राहिलेले पॉल हंट यांना हा सरळ विश्वासघात वाटला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला ‘द गार्डियन’मध्ये त्यांचे पत्र छापून आले आणि त्यातून ‘युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन’ ही अपंगांची स्वतःची संघटना उभी राहिली. अपंगत्व शरीरात नसून समाजाने घातलेल्या अडसरांत असते, ही तिची भूमिका. माइक ऑलिव्हर यांनी पुढे १९८३ मध्ये तिला ‘सामाजिक प्रतिमान’ असे नाव दिले.

नोव्हेंबर १९७५ मध्ये या संघटनेची ‘डिसेबिलिटी अलायन्स’शी, म्हणजे अपंगांच्या उत्पन्नासाठी झटणाऱ्या संस्थांच्या आघाडीशी, बैठक झाली. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांच्यासारखे जाणकार अलायन्सच्या बाजूने होते आणि अपंगांना राज्याकडून सर्वंकष उत्पन्न मिळावे ही त्यांची मागणी होती. हितचिंतकांच्या या मागणीलाच अपंगांच्या संघटनेने हरकत घेतली. गरिबी हे लक्षण आहे, मूळ दुखणे नव्हे. आणि प्रत्येकाचे अपंगत्व मोजून पैसे द्यायचे ठरले की मोजणाऱ्या तज्ज्ञांची सत्ता आणखी वाढेल, असा त्यांचा मुद्दा होता. त्या वेळी तो आडमुठेपणा वाटला असेल. पुढच्या काळात जे घडले ते पाहता तो बराच दूरदृष्टीचा होता.

अमेरिकेत हाच धागा विद्यापीठातून निघाला. पोलिओमुळे मानेखालचे शरीर जवळजवळ पूर्ण लुळे पडलेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले. त्यांचे श्वसनयंत्र मावेल अशी खोली वसतिगृहात नव्हती, म्हणून त्यांची सोय आवारातल्या रुग्णालयात करण्यात आली. त्यांच्यामागून आलेल्या अपंग विद्यार्थ्यांच्या गटातून १९७२ मध्ये बर्कलीत स्वतंत्र जीवन केंद्र सुरू झाले. मदतनीस शोधणे, घर मिळवणे, हक्कांची माहिती देणे ही कामे तेथे अपंग व्यक्तीच करत. ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थही तेथे बदलला: सगळे स्वतःच्या हाताने करणे नव्हे, तर कोणी, केव्हा आणि कसे करायचे हे स्वतः सांगणे. कायदा आणि त्याची नियमावली यांत किती अंतर पडते हेही अमेरिकेत दिसले. केंद्रीय निधी घेणाऱ्यांना अपंगांशी भेदभाव करण्यास मनाई करणारे पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ हे १९७३ मध्ये मंजूर झाले, पण नियम निघेनात. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी इमारतीत शंभराहून अधिक लोकांनी ठिय्या दिला. ज्युडिथ ह्यूमन त्यांच्या नेत्यांपैकी एक होत्या. ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते आत जेवण पोचवत होते. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली, तीही मजकूर न सौम्य करता.

स्वीडनमध्ये हा विचार थेट हिशेबाच्या वहीत उतरला. मूळचे जर्मन आणि स्वतः अपंग असलेले आडोल्फ राट्झका यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात शिकताना मदतनिसांचा पगार स्वतःच्या हाताने दिला होता. १९८४ मध्ये त्यांनी स्टॉकहोममध्ये अपंगांची सहकारी संस्था काढली. नगरपालिकेने नेमलेला, तिच्या वेळापत्रकाने येणारा मदतनीस नको. तोच पैसा आमच्या हाती द्या, माणूस आम्ही निवडू, अशी तिची मागणी होती. १ जानेवारी १९९४ पासून तेथे वैयक्तिक मदतनीस हा कायदेशीर हक्क झाला. ब्रिटनमध्ये थेट रोख देण्याचा कायदा १९९६ मध्ये झाला. थेट रोखीवर डाव्या विचारांच्या काही गटांची टीका आहे की त्यामुळे सेवा बाजारात ढकलल्या जातात आणि मदतनिसांचे वेतन तुटपुंजे राहते. ही टीका खोडून काढता येत नाही. मात्र व्यवस्थेच्या वेळापत्रकाने रात्री आठलाच झोपवले जाण्याचा अनुभव घेतलेली माणसे तिला फारसे बधत नाहीत.

आंतरराष्ट्रीय पातळीवर ठिणगी पडली ती १९८० मध्ये कॅनडातील विनिपेगला. पुनर्वसन व्यावसायिकांच्या जागतिक संघटनेच्या अधिवेशनात निर्णय घेणाऱ्यांपैकी निम्मे अपंग असावेत हा प्रस्ताव फेटाळला गेला, तेव्हा अपंग प्रतिनिधींनी वेगळी चूल मांडली. १९८१ मध्ये सिंगापूरला ‘डिसेबल्ड पीपल्स इंटरनॅशनल’ची पहिली परिषद भरली. ‘आमच्याबद्दल काहीही, आमच्याविना नाही’ ही घोषणा दक्षिण आफ्रिकेतील मायकेल मसुथा आणि विल्यम रोलंड यांच्या तोंडून १९९०च्या दशकात सर्वदूर पोचली. त्यांनी ती पूर्व युरोपातील एका कार्यकर्त्याकडून ऐकली होती. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार (१३ डिसेंबर २००६ रोजी संमत, ३ मे २००८ पासून लागू) हा या घोषणेचा कायदेशीर अवतार म्हणता येईल. त्याचा मसुदा रचणाऱ्या २००४च्या कार्यगटात २७ सरकारांबरोबर १२ बिगरसरकारी प्रतिनिधीही बसले होते. कलम ४(३) प्रमाणे धोरणे आखताना अपंगांच्या संघटनांशी विचारविनिमय करणे सरकारांवर बंधनकारक आहे. कोठे आणि कोणाबरोबर राहायचे हे निवडण्याचा हक्क कलम १९ मध्ये येतो.

एवढे होऊनही रोजचा झगडा उरतो तो मूल्यमापनाच्या टेबलावर. कोणाला किती मिळणार हे तेथे ठरते, आणि १९७५ च्या बैठकीतली भीती तेथेच खरी ठरते. वैद्यकीय टक्केवारी हा सर्वांत सोपा निकष. भारताच्या २०१६ च्या कायद्यातही बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. पण टक्केवारी अवयवाची असते, गरजेची नसते. एकाच टक्केवारीच्या दोन व्यक्तींपैकी एकीला तळमजल्याचे घर आणि हाताशी माणूस असतो, दुसरीला दोन्ही नसते. याच्या उलट टोकाला कामकाज-क्षमता तपासणारी प्रश्नावली असते. तिच्यात दिवसागणिक चढउतार होणारे आजार आणि मानसिक अपंगत्व नीट बसत नाहीत: चांगल्या दिवशी तपासणी झाली की माणूस ‘सक्षम’ ठरतो.

ऑस्ट्रेलियात २०१३ च्या कायद्याने राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना आली. तिच्यामागेही देशव्यापी मोहीम होती. पण २०२० मध्ये सरकारने जाहीर केले की, अर्जदाराला न ओळखणारा कंत्राटी तपासनीस काही तासांच्या ठरावीक चाचण्यांतून गरज ठरवील. निर्णय आधी झाला, मते नंतर मागवली गेली. अपंगांच्या संघटनांनी एकमुखाने विरोध केला आणि जुलै २०२१ मध्ये तपासणीचा हा बेत गुंडाळावा लागला. २०२२ च्या दुरुस्तीने सहआखणीचे तत्त्व कायद्यातच आले. स्कॉटलंडने क्रम उलटा ठेवला. तेथे सामाजिक सुरक्षेचे अधिकार हाती आल्यावर २०१७ मध्ये लाभ घेणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांचे अनुभव-गट नेमून अर्जाच्या भाषेपासून सुरुवात करण्यात आली, आणि खासगी कंपन्यांकडून तपासणी करून घेणे बंद झाले. निकषांत मात्र मूलगामी बदल झाले नाहीत, अशी तक्रार तेथील संघटना करतात. म्हणजे अर्जाचा सूर बदलणे सोपे, पात्रता ठरवणारा गुणांचा तक्ता बदलणे अवघड.

सल्लामसलत खरी की देखाव्याची, हे ओळखण्याची कार्यकर्त्यांची कसोटी साधी आहे: विचारले केव्हा? मसुदा छापल्यावर बोलावणे आले, तर बदलता येण्याजोगे फक्त स्वल्पविराम उरतात. दुसरा प्रश्न मानधनाचा. एकाच बैठकीत सल्लागार शुल्क घेऊन बसतो आणि अपंग व्यक्ती, मदतनिसाचा खर्चही पदरमोड करून, ‘अनुभव सांगायला’ येते. दुभाषी, सोप्या भाषेतले कागद, पुरेसा वेळ यांची तयारी नसेल तर निमंत्रण कागदावरच राहते.

न्यायालयांचा उपयोग मर्यादित, पण खरा असतो. तीव्र अपंगत्व असलेल्यांना मदतनीस ठेवायला पैसा देणारा ब्रिटनचा १९८८ चा ‘इंडिपेंडंट लिव्हिंग फंड’ बंद करण्याचा निर्णय नोव्हेंबर २०१३ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला, कारण निर्णयाचा समानतेवर होणारा परिणाम तपासण्याचे कायदेशीर कर्तव्य मंत्र्यांनी पुरेसे पाळले नव्हते. सरकारने तो परिणाम तपासला, पुन्हा तोच निर्णय घेतला आणि ३० जून २०१५ रोजी निधी बंद झाला.

अपंगांच्या वतीने कोण बोलते, हा वाद आजही धगधगता आहे. या करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या हक्क-समितीने २०१८ मध्ये ‘अपंगांच्या’ संघटना आणि ‘अपंगांसाठीच्या’ संघटना यांत भेद करून पहिल्यांना प्राधान्य दिले. सेवा पुरवणाऱ्या संस्था दुसऱ्या गटात मोडतात आणि त्यांचे हितसंबंध गुंतलेले असतात, हे त्यामागचे एक कारण. पालकांच्या संघटनांचे स्थान नाजूक आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या बाजूने कित्येक दशके त्याच उभ्या राहिल्या. पण १९७४ मध्ये अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात अशाच व्यक्तींनी ‘पीपल फर्स्ट’ नावाने स्वतःची परिषद भरवली, तेव्हापासून त्या व्यक्ती स्वतःच्या तोंडाने बोलू लागल्या आहेत. नावांवरूनही मतभेद आहेत. भारतात ‘दिव्यांग’ हा सरकारी शब्द अनेक संघटनांना न विचारता लादलेला वाटतो. आणि निवासी संस्थांत राहणारी माणसे या साऱ्या बैठकांत जवळपास दिसतच नाहीत. बैठकीला जायचे तर त्यांना संस्थेची परवानगी लागते, वाहनही संस्थेचेच, आणि शेजारी बसून ऐकणारा कर्मचारीही.