उपवासात वजन उतरतं, पण ते चरबीचं का मसलचं?

नवरात्र संपलं की सांगलीत जिममध्ये काय आणि सकाळी कृष्णाकाठी फिरायला येणाऱ्या बायकांत काय, एकच विषय, कुणाचं किती उतरलं. नऊ दिवसांत तीन किलो गेलं म्हणून सगळ्या खूश, पण ते तीन किलो नक्की कशाचं गेलं हे कुणी विचारत नाही आणि मला तर तोच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

पहिल्या दोन-तीन दिवसात उतरतं त्यातलं बरंचसं पाणीच. लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी असतं. साठा संपला की पाणीही जातं. दसऱ्याला श्रीखंड-पुरी झाली की काटा परत वर.

चरबी जळतच नाही असं नाही. खाणं थांबलं की इन्सुलिन खाली येतं, चरबीच्या पेशी फॅटी ॲसिड रक्तात सोडतात आणि हृदय, स्नायू त्यावर व्यवस्थित चालतात. अडचण मेंदूची. त्याला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं आणि फॅटी ॲसिडपासून शरीराला ग्लुकोज बनवता येत नाही, चरबीतल्या ग्लिसरॉलपासून थोडं बनतं, बाकीचं बरंचसं लिव्हर स्नायूंतलं प्रोटीन मोडून बनवतं. हार्वर्डच्या जॉर्ज केहिल यांनी १९६० च्या दशकात पूर्ण उपाशी माणसांचा अभ्यास केला, त्यात सुरुवातीला रोज साधारण ७५ ग्रॅम प्रोटीन मोडतं असं दिसलं, म्हणजे ओल्या स्नायूच्या हिशोबात पाव किलोच्या वरच! पुढे लिव्हर चरबीपासून कीटोन नावाचं दुसरं इंधन बनवतं, मेंदू त्यावर चालायला लागतो आणि काही आठवड्यांनी हा आकडा २० ग्रॅमच्या आसपास येतो.

पण आपले उपवास असे कुठं असतात, एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी आणि प्रोटीन ग्रॅमभरसुद्धा नाही. खिचडीत जे काही प्रोटीन येतं ते दाण्याच्या कुटाचं. वर वेफर्स, रताळ्याचा कीस. म्हणजे इन्सुलिन वरच, चरबी हलत नाही आणि प्रोटीनची बोंब.

१६ तास उपाशी, ८ तास खाणं या प्रकाराचंही तसंच. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत १२ आठवड्यांचा अभ्यास झाला, त्यात लॅबमध्ये ज्यांची तपासणी झाली त्यांच्या घटलेल्या वजनात साधारण ६५ टक्के लीन मास, म्हणजे चरबी सोडून बाकीचं वजन होतं, (यात स्नायूंसोबत पाणीही येतं हे खरं). उलट २०१६ मध्ये इटलीत व्यायामात मुरलेल्या ३४ पुरुषांवर ८ आठवडे तोच प्रकार करून बघितला, वेट ट्रेनिंग चालू, प्रोटीन भरपूर, तिथं चरबी घटली आणि मसल टिकलं. शनिवार धरणारा तालमीतला पैलवान दूध आणि जोर-बैठका सोडत नाही, तो बरोबरच करतो.

मला काळजी वाटते ती पन्नाशी-साठीच्या बायकांची. या वयात मसल तसंही झिजत असतं आणि गेलेलं सहज परत येत नाही. ६० किलोच्या बाईला रोज ५० ग्रॅम तरी प्रोटीन लागतं, तेव्हा उपवास करायचाच तर ताटात दूध, दही, पनीर, दाणे, राजगिरा येऊ द्या आणि खुर्चीतून हात न टेकता उठ-बस रोज करा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, नुसत्या पाण्यावर राहिलं तर साखर एकदम खाली जाते आणि चक्कर येऊन पडायची वेळ येते.