टेम्पो बोलावताना: मोबाइलवरचा नकाशा वाट कशी काढतो

सामान हलवायला गाडी सांगितलीत की आम्ही लोकेशन मागतो, आणि ते मिळाल्यावरही "जवळची खूण काय?" म्हणून फोन करतो. त्याचं कारण नकाशा ॲपच्या कामातच आहे.

ॲपला रस्ते दिसतात ते ठिपक्यांच्या आणि रेघांच्या जाळ्यासारखे. चौक हा ठिपका, दोन चौकांमधला रस्ता ही रेघ, आणि प्रत्येक रेघेला लागणारा वेळ ठरलेला. कोल्हापुरात कावळा नाक्याहून रंकाळ्याला जायचं तर ज्या वाटेची बेरीज सगळ्यात कमी, ती ॲप निवडतं. या हिशेबाची एक मूळ रीत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये शोधली.

वेळेचे आकडे मात्र सतत बदलतात. रस्त्यावरच्या लोकांचे मोबाइल आपली जागा आणि वेग कळवत असतात. महाद्वार रोडला ते मुंगीच्या पावलांनी सरकू लागले की नकाशावरची रेघ लाल होते.

पावसाळ्यात आपल्याकडे हाच हिशेब फसू शकतो. बंधारा पाण्याखाली गेला की त्यावरून कुणी जात नाही. मग तिथे रेंगाळणारे मोबाइलही नसतात आणि रेघ लाल होत नाही. रस्ता बंद असल्याचं कुणी कळवेपर्यंत ॲप तीच वाट जवळची म्हणून दाखवू शकतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, पण कमी उंचीचे बंधारे त्याच्या कितीतरी आधी बुडतात. म्हणून पावसाळ्यात आमचे चालक आधी त्या गावच्या माणसाला विचारतात, मगच गाडी काढतात.

आता तुमच्या लोकेशनविषयी. जागा अचूक काढायला फोनला किमान ४ उपग्रहांचे संदेश लागतात. शिवाजी पेठेतल्या दाटीच्या बोळात ते भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि तुमची जागा दाखवणारा निळा ठिपका सरकतो. ॲप मग त्या ठिपक्याला जवळचा रस्ता धरतं, आणि गाडी शेजारच्या गल्लीत जाऊन उभी राहते. तिथून कपाट खांद्यावर आणायचं म्हणजे हमालांचे हाल! तेव्हा घरात बसून लोकेशन पाठवू नका. दारासमोर उघड्यावर या, निळ्या ठिपक्याभोवतीचा गोल लहान होऊ द्या, मग पाठवा. सोबत तालीम, देऊळ, गिरणी अशी एखादी खूण लिहा. गल्ली अरुंद असेल, वर वायरी लोंबत असतील तर तेही सांगा; भरलेल्या टेम्पोची उंची साध्या ॲपला माहीत नसते.

बंधारा बंद असल्यामुळे पुलावरून वळसा घ्यावा लागला, तरी भाडं आधी ठरलेलंच घेऊ.