जानेवारीच्या बिलातला मे महिना : नवी मुंबईतल्या ऑफिस इमारतींच्या विजेची पार्श्वभूमी

थंडीत ऑफिसचं वीजबिल कमी करायचं म्हटलं की उत्तरेत हीटरचा विषय निघतो. ऐरोली, महापे, बेलापूर किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये तो प्रश्नच नाही. इथे जानेवारीत पहाटे पारा १६-१७ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा ३०-३१ वर जातो. म्हणजे थंडीतही इमारत थंडच करावी लागते, फक्त जरा कमी. युनिट घटतात, पण बिल त्या प्रमाणात घटत नाही. असं का होतं, याचं उत्तर थोडं इमारतींच्या काचेत आहे आणि बरंचसं दराच्या नियमांत.

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली महामंडळ स्थापन झालं, तेव्हा ऑफिस म्हणजे पंखा आणि उघडणारी खिडकी. चित्र पालटलं ते १९९८ आणि २००३ च्या राज्याच्या आयटी धोरणांनंतर. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखान्यांचे भूखंड रिकामे होत गेले आणि तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. काचा बंदिस्त, खिडक्या नावालाही नाहीत. मे महिन्याच्या मध्यावर इथे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि दक्षिणेच्या काचेला ऊन जेमतेम चाटून जातं. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून फक्त ४७ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन तिरपं होऊन त्या काचेतून थेट टेबलापर्यंत येतं. दक्षिणेकडे बसलेली माणसं थंडीत पडदे ओढून, दिवे लावून काम करतात ती यामुळे. केंद्राने इमारतींसाठी ऊर्जा संहिता आणली २००७ साली आणि ती सुधारली २०१७ साली. तोवर यातल्या बऱ्याच इमारती उभ्या राहिल्याही होत्या.

आता मूळ गुंत्याकडे येऊ. तो आहे कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा. कागदावर तिला 'करार मागणी' म्हणतात, बोलताना सगळे 'सीडी' म्हणतात, आणि युनिट, जोडभार आणि ही मागणी यांची गल्लत अजूनही सर्रास होते. युनिट म्हणजे महिनाभरात किती वीज वापरली. जोडभार म्हणजे इमारतीत बसवलेल्या सगळ्या यंत्रांच्या क्षमतेची बेरीज. कॉन्ट्रॅक्ट डिमांड म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती केव्हीए (विजेच्या भाराचं माप) वीज ओढू, याचा वीज कंपनीशी केलेला करार. उच्चदाबाच्या, म्हणजे जास्त व्होल्टेजवर वीज घेणाऱ्या मोठ्या ग्राहकाला युनिटचे पैसे वेगळे आणि मागणीचा आकार वेगळा भरावा लागतो.

हा आकार ज्या आकड्यावर लावतात ती बिलिंग डिमांड. ती काढताना तीन आकडे पाहतात : दिवसाच्या ठरलेल्या वेळात त्या महिन्यात नोंदलेली कमाल मागणी, मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वाधिक बिलिंग डिमांडचे ७५ टक्के (कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या मर्यादेत), आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा ठरावीक हिस्सा. तिघांतला जो मोठा, तो बिलावर येतो. तो ठरावीक हिस्सा अनेक वर्षं ५० टक्के होता, तेव्हाचा हिशेब मांडू. समजा करार १००० केव्हीएचा आहे, मे महिन्यात मागणी ९६० ला टेकली आणि जानेवारीत ६०० वरच थांबली. तरी जानेवारीत आकार लागायचा ७२० केव्हीएचा. १२० केव्हीए वापरलेच नाहीत, तरी त्यांचे पैसे भरायचे. मे महिन्याच्या एखाद्या दुपारी सगळे चिलर (एसीसाठी पाणी गार करणारी यंत्रं) एकदम चालू केले गेले असतील, तर ती दुपार पुढचे अकरा महिने बिलात मुक्कामाला असायची. पुढे वीजदर ठरवणाऱ्या राज्य वीज नियामक आयोगाने त्या ५० टक्क्यांचा आकडा टप्प्याटप्प्याने वाढवत नेला, तसा भार मे महिन्यावरून मूळ करारावर सरकला. मग जानेवारीत कितीही काटकसर केली तरी करार मोठा असेल तर तोच आडवा येतो.

वीज कंपनीची बाजू खोटी नाही. ग्राहकासाठी वाहिनी, रोहित्र, उपकेंद्रातली क्षमता वर्षभर राखून ठेवावी लागते आणि तो खर्च कुठून तरी निघायला हवा. पण करार मुळात मोठा झाला कसा, हे पाहिलं तर माझं मन भाडेकरूकडे झुकतं. बिल्डरने भाडेकरू ठरण्याआधीच चौरस फुटांच्या ठोकताळ्यावर मागणी नोंदवली. त्या काळी टेबलावर जाड मॉनिटर होते, छतात ट्यूबलाइट होत्या. नंतर लॅपटॉप आले, एलईडी आले, सर्व्हर इमारतीबाहेर गेले. भार घटला, करार तसाच राहिला. करार ओलांडला तर जादा मागणीवर दीडपट आकार लागतो, या भीतीने तो कमी करायला कुणी धजावत नाही. शिवाय करार मालकाच्या नावावर आणि आकार मेंटेनन्सच्या बिलातून भाडेकरूंमध्ये वाटलेला. ज्याच्या हातात अर्ज आहे त्याच्या खिशाला चटका बसत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत हे सगळ्यांना प्रथमच लख्ख दिसलं. मजलेच्या मजले रिकामे, तरी स्थिर आकार, म्हणजे हाच मागणीचा आकार, चालूच. औद्योगिक आणि वाणिज्यिक ग्राहकांना तीन बिलांपुरता दिलासा मिळाला, पण ती पैसे भरायची मुदतवाढ होती, माफी नव्हती. अनेक ऑफिसांत हा फरक बिल हातात पडल्यावर कळला.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून उच्चदाब ग्राहकांची मोजणी केडब्ल्यूएचऐवजी (प्रत्यक्ष कामाला आलेली वीज) केव्हीएएचमध्ये (ओढलेली एकूण वीज) सुरू झाली. पॉवर फॅक्टरची (ओढलेल्या विजेतला कामाला येणारा हिस्सा) वेगळी सवलत आणि वेगळा दंड गेला, तो फरक थेट युनिटमध्येच आला. थंडीत याला महत्त्व आहे, कारण मे महिन्याच्या हिशेबाने बसवलेल्या मोटारी जानेवारीत अर्ध्या भारावर चालतात आणि तिथेच पॉवर फॅक्टर घसरतो.

एसीच्या २४ अंशांची चर्चा मात्र गरजेपेक्षा जास्त झाली. २०१८ साली केंद्राने सल्ला दिला, २०२० पासून नव्या रूम एसीवर २४ हे मूळ सेटिंग आलं. मोठ्या इमारतीत तो आकडा रिमोटवर नसतो, चिलरच्या पाण्यात असतो. ऐरोलीतल्या एका इमारतीत मी जानेवारीत सकाळी साडेआठला मेंटेनन्सवाल्यांबरोबर प्लांटरूममध्ये उभा होतो. लॉगशीटवर चिलरमधून निघणाऱ्या पाण्याच्या रकान्यात ओळीने ७, ७, ७. मे महिन्यात ठेवलेला सात. वर चौथ्या मजल्यावर खुर्च्यांच्या पाठींवर शाली आणि स्वेटर. हवा कोरडी असताना तेच पाणी ९-१० अंशांवर चालतं आणि दर अंशामागे चिलरची वीज साधारण दोन-तीन टक्के वाचते. तिथल्या सुपरवायझरला हे माहीत होतं. बदलायची लेखी परवानगी त्याच्याकडे नव्हती.

वेळेनुसारच्या दरांचा इतिहासही असाच यंत्रांत अडकून पडलाय. वर्षानुवर्षं सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ६ ते १० जादा आकार होता. म्हणून चिलर आठलाच लावून नऊच्या आत इमारत गार करून ठेवायची पद्धत पडली. २०२५ च्या दरआदेशाने हे उलटं केलं : सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत आणि ५ ते मध्यरात्री जादा आकार. आता आठला चिलर लावणं म्हणजे सवलतीच्या आधीची वीज वापरणं, आणि तेही डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा नऊपर्यंत बाहेरची हवाच आतल्यापेक्षा गार असते. तेवढा वेळ एएचयूचे (मजल्यावर हवा खेळवणाऱ्या यंत्राचे) ताज्या हवेचे डॅम्पर, म्हणजे झडपा, उघडून नुसते पंखे चालवले तरी भागतं. बऱ्याच ठिकाणी टायमर अजून आठवरच आहे.