रंगच विषय : अमूर्त चित्रांमागची वाट

येवल्याच्या मागावर धूपछाँव पैठणी विणताना ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा घेतात. निळ्या ताण्यात लाल बाणा गेला की कापड जांभळे दिसते; निऱ्या हलल्या की कधी निळसर, कधी लालसर. जांभळा धागा मात्र मागावर कुठेच नसतो. आजचे जे चित्रकार अमूर्त चित्रात रंगालाच विषय मानतात, त्यांच्या कामाचे एक मूळ अशाच विणकामाच्या कारखान्यात आहे.

मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसमध्ये भिंतीवर टांगायची चित्रे विणणाऱ्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. विणलेल्या चित्रातल्या निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छायेत वापरलेला काळा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. काळ्या लोकरीत खोट सापडली नाही. शेजारच्या रंगांमुळे काळा उणा दिसत होता. यावरचे त्याचे पुस्तक १८३९ मध्ये निघाले. रंग शेजाऱ्यावर ठरतो, हे चित्रकार आणि शिक्षक योजेफ आल्बर्स यांनी पुढे वर्गात कागद कापून शिकवले आणि १९६३ मध्ये त्यांनीही त्यावर ग्रंथ काढला.

हे घरी करून पाहावेच. पिवळ्या आणि जांभळ्या कार्डशीटचे सहा-सहा इंची चौकोन शेजारी ठेवा. एकाच मध्यम करड्या कागदाचे एक-एक इंची दोन तुकडे कापून प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एकेक ठेवा. पिवळ्यावरचा करडा गडद आणि किंचित जांभळट वाटतो, जांभळ्यावरचा उजळ, पिवळसर. फरक दिसला नाही तर बहुतेक वेळा तुकडा मोठा कापलेला असतो, किंवा घोटीव कागद घेतलेला असतो. त्याच्या चकाकीत ट्यूबलाइट दिसते, रंग दिसत नाही.

नाशिकमध्ये चित्र म्हटले की गोदाघाट आणि शिवाजी तुपे यांची जलरंगातली निसर्गचित्रे आठवतात. जलरंगात कागद पाणी पितो आणि रंग आत मुरतो. अमेरिकी चित्रकार हेलन फ्रँकेन्थेलर यांनी १९५२ मध्ये हाच गुण कॅनव्हासवर आणला. अस्तर न लावलेला सुती कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्यांनी टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग त्यावर ओतला. रंग धाग्यात मुरला, पण कडांना तेलाचे वलय पसरले. शिवाय तेलाने सुती धागा कालांतराने ठिसूळ होतो, म्हणून अशा कामासाठी पुढे पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग सोयीचे ठरले. तिथेही एक चूक नेहमी होते : गेसो म्हणजे पांढरे अस्तर लावलेल्या कॅनव्हासवर भरमसाट पाणी घालून अॅक्रिलिक लावतात. रंग धरून ठेवणारा बाइंडर विरळ होतो आणि वाळलेला रंग बोटाला लागतो. पातळ करायचाच असेल तर पाण्याबरोबर अॅक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगाविना नुसता बाइंडरही घालावा.

रंगद्रव्याची निवड चुकली तर काय होते, हे अमेरिकी अमूर्त चित्रकार मार्क रॉथ्कोच्या हार्वर्ड विद्यापीठातल्या पाच मोठ्या चित्रांत दिसले. ती १९६४ मध्ये मोठ्या खिडक्यांच्या भोजनगृहात लागली. त्यातला लिथॉल रेड हा लाल रंग उन्हाने उडाला, सोबतचा निळा अल्ट्रामरीन टिकला, आणि किरमिजी पट्टे निळसर पडले. १९७९ मध्ये चित्रे उतरवावी लागली. २०१४ च्या प्रदर्शनात त्यांना हात न लावता प्रोजेक्टरच्या प्रकाशाने उडालेला रंग भरून दाखवला गेला. ट्यूब घेताना लाइटफास्टनेसची, म्हणजे रंग उजेडात किती टिकतो याची खूण पाहायची ती यासाठी.

आपल्याकडचे मोठे नाव वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१). जन्म नागपूरचा, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे. ते रोलरने तैलरंग पसरवत, सुरीने खरवडत, फाटक्या वर्तमानपत्राचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलत. त्यामुळे खालचा थर वरच्या थरातून झिरपल्यासारखा दिसतो. ही चित्रे छापील प्रतीत निम्मीच उरतात, असे माझे ठाम मत आहे. असे थर देताना खालच्या थरात तेल कमी आणि वरच्यात जास्त हवे. उलटे झाले तर वरचा थर आधी वाळून कडक होतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. जे. जे. मध्येच शंकर पळशीकरांकडे शिकलेले प्रभाकर कोलते एकाच रंगाचे विस्तीर्ण क्षेत्र रचतात आणि त्यातून लहान आकार वर येऊ देतात.

गुजरातेत जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये राहून काम केलेले नटवर भावसार यांची रीत रांगोळी भरणाऱ्या हाताला लगेच कळेल. आडव्या कॅनव्हासवर चिकट द्रव द्यायचा आणि वरून कोरडी रंगभुकटी चाळणीने पाडायची, थरावर थर. सिल्हेटमध्ये जन्मलेल्या, लंडनमध्ये काम करणाऱ्या राणा बेगम तर ब्रश जवळजवळ सोडूनच देतात. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या मागच्या बाजूला झगझगीत रंग देतात, आणि त्याची आभा पांढऱ्या भिंतीवर पडते. भिंत रंगवलेली नसते, तरी गुलाबी दिसते. बघणारा दोन पावले सरकला की पट्ट्यांचा रंगही बदलतो, निऱ्या हलल्यावर पैठणीचा बदलावा तसा.