आइसच्या कागदावर ‘क्रिमिनल’ लिहिलंय? बाँडच्या सुनावणीआधी हा एक कागद मिळवा

सर्टिफाइड कोर्ट डिस्पोझिशन म्हणजे खटल्याचा शेवट काय झाला हे सांगणारा, कोर्टाच्या क्लार्कचा सही-शिक्का असलेला कागद. अमेरिकेत आइसने (इमिग्रेशन कायदा राबवणारी सरकारी यंत्रणा) एखाद्याला धरून नेलं की घरचे पासपोर्ट, पे-स्टब, भाड्याचा करार, लग्नाचे फोटो असं सगळं पिशवी भरून आणतात. हा एक कागद मात्र कुणाकडेच नसतो, आणि बाँडची (कोठडीतून जामिनावर सुटण्याची) सुनावणी नेमकी तिथेच अडते.

आइस स्वतःच्या आकडेवारीत कोठडीतल्या माणसांचे तीन गट करतं: गुन्हा सिद्ध झालेले, खटला चालू असलेले आणि फक्त इमिग्रेशनचा नियम मोडलेले. सरकार बोलताना पहिले दोन गट एकत्र करून ‘गुन्हेगार’ म्हणतं. २०२५ च्या उत्तरार्धात कोठडीतल्या दर दहांपैकी सुमारे सात जणांवर एकही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. सगळा वाद या फरकाचा आहे आणि तुमच्या माणसाचा वादही तोच असणार. त्याच वर्षी सुमारे १३ लाख परदेशी विद्यार्थ्यांची नावं एफबीआयच्या एनसीआयसी या गुन्हेविषयक यादीत फिरवली गेली, ६,४०० च्या आसपास ‘हिट’ निघाले आणि हजारोंचे सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) रेकॉर्ड बंद झाले. त्यात खटला कधीच काढून टाकलेले होते, नुसते वाहतुकीचे मामले असलेलेही होते. कोर्टकचेऱ्या झाल्यावर एप्रिलच्या अखेरीस सरकारने माघार घेतली. यादीत अटक दिसते. पुढे काय झालं ते बऱ्याचदा दिसतच नाही.

आधी माणूस शोधा. आइसच्या ऑनलाइन डिटेनी लोकेटरवर ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने त्या माणसाला दिलेला क्रमांक) आणि जन्मदेश टाकला की ठिकाण कळतं. ए-नंबर नसेल तर नाव हुबेहूब लागतं, आणि आपली नावं इथेच घात करतात. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, लग्नानंतर बदललेलं आडनाव, आडनावाचा रकाना रिकामा असेल तर नाव आडनावाच्या जागी आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन). सगळ्या पद्धतींनी टाकून पाहा. भारतीय वाणिज्य दूतावासाला आपोआप कळवलं जात नाही. कोठडीतल्या माणसाने स्वतः तशी मागणी करावी लागते. सरकारी खर्चाने वकील मिळत नाही.

वकिलाकडून आय-२१३ फॉर्म मागवा. अधिकाऱ्याने अटकेची हकिकत आणि ‘क्रिमिनल हिस्टरी’ त्यात लिहिलेली असते. इमिग्रेशन कोर्ट हा फॉर्म सहसा विश्वासार्ह धरतं, म्हणून ‘ते खोटं आहे हो’ म्हणून भागत नाही.

डिस्पोझिशन ज्या कोर्टात केस चालली तिथल्या क्लार्ककडे मिळतं. पोलीस ठाण्याचा दाखला, जुन्या वकिलाचं पत्र किंवा वेबसाइटची प्रिंट चालत नाही. रेकॉर्ड नष्ट झालं असेल तर तसं लेखी पत्र घ्या. आणि कृपा करून ‘एक्सपंज केलंय (कोर्टाकडून रेकॉर्ड पुसून घेतलंय), आता काही उरलं नाही’ या भ्रमात राहू नका. इमिग्रेशन कायद्याची ‘कन्व्हिक्शन’ची (दोषी ठरण्याची) व्याख्या स्वतंत्र आहे: गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाने काही शिक्षा किंवा बंधन घातलं, तर राज्याने नंतर केस पुसली तरी ती बहुधा धरली जाते. टेक्ससमधलं डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन (दोषी न ठरवता देखरेखीखाली सोडणं) म्हणूनच अंगाशी येतं. न्यूयॉर्कच्या एसीडीत (पुढे डिसमिस करायच्या हेतूने केस तहकूब ठेवणं) कबुली नसते, म्हणून ती कन्व्हिक्शन ठरत नाही. तेव्हा क्लार्कला विचारायचा प्रश्न ‘केस डिसमिस झाली का’ एवढाच नाही. ‘प्ली (गुन्ह्याची कबुली) घेतली होती का’ हाही आहे. एक्सपंजमेंट अजून व्हायची असेल तर आधी चार सर्टिफाइड प्रती काढून ठेवा.

केस भारतातली असेल तर आणखी एक फेरा. ई-कोर्ट्सची प्रिंट नको. नक्कल अर्ज करून सही-शिक्क्याची प्रत काढा. निकाल मराठीत असेल तर त्याला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र जोडावंच लागतं. पोलिसांनी केस बंद करायला ‘बी समरी’ किंवा ‘सी समरी’ दाखल केली असेल तर तो शब्द तसाच ठेवू नका. समोरचा वाचणारा ‘समरी’ म्हणजे झटपट शिक्षा समजू शकतो. तक्रार खोटी निघाली की गैरसमजातून झाली, ते एका ओळीत उलगडून लिहा.

बाँड सगळ्यांना मागता येत नाही. काही गुन्ह्यांत कोठडी सक्तीची आहे. २९ जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्याने त्यात चोरी, शॉपलिफ्टिंगसारखे आरोप आणले. तिथे दोषी ठरणंही गरजेचं नाही, अटक पुरते. पण हा कायदा तपासणीशिवाय आलेल्या, फसवणुकीने आलेल्या किंवा वैध कागदांविना आलेल्यांसाठी आहे, हे वकिलाकडून तपासून घ्या. आइसने चुकीच्या कलमाखाली सक्तीची कोठडी लावली असं वाटलं तर ते कलम लागतं का हे न्यायाधीशाने तपासावं म्हणून ‘जोसेफ हिअरिंग’ मागता येतं. तपासणीशिवाय सीमा ओलांडलेल्यांना बाँडच नाही, असा निर्णय इमिग्रेशन अपील बोर्डाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिला. अनेक फेडरल न्यायाधीशांनी तो मानला नाही, त्यामुळे माणूस कोणत्या राज्यात ठेवलाय त्यावर उत्तर बदलतं. कायदा एक आणि उत्तरं दहा. सामान्य माणसाने काय करायचं, कोण जाणे.

बाँडचा अर्ज तोंडीही चालतो, फी नाही, किमान बाँड १,५०० डॉलर. पण घाईने तारीख घेऊ नका. धोका नाही, पळून जाणार नाही, हे सिद्ध करण्याचा भार कोठडीतल्या माणसावर असतो. पहिली सुनावणी कागदांविना हरलात तर दुसरी तेव्हाच मिळते जेव्हा परिस्थिती ठळकपणे बदललेली असते. चार दिवस थांबून डिस्पोझिशन हातात घेऊन गेलेलं बरं. घरच्यांना हे सांगणं फार जड जातं, तरी सांगावं लागतं.

बाँड नाकारला तर अपिलाची मुदत आदेशावर छापलेली असते ती वाचा. कागद त्या दिवसापर्यंत अपील बोर्डाकडे पोचलेला लागतो, पोस्टात टाकलेला नव्हे. कुरियरची पावती दाखवून रडणारे पाहिलेत. बाँड भरायला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पुढे करा, एच-१बीवरचा मित्र नको.

अजून कुणाला धरलेलं नाही, पण कधीकाळी अटक झाली होती? मग एफबीआयकडून स्वतःचा आयडेंटिटी हिस्टरी समरी अहवाल (तुमच्या नावावरच्या अटकांची आणि निकालांची नोंद) आत्ताच मागवा. १८ डॉलर आणि बोटांचे ठसे लागतात. ठशांवरून शोध होतो, म्हणजे सारख्या नावाच्या दुसऱ्याचा गुन्हा तुमच्या माथी आलाय का तेही कळतं. निकाल नोंदलेला नसेल तर दुरुस्तीचा अर्ज फुकट आहे, जोडीला मात्र पुन्हा तेच सर्टिफाइड डिस्पोझिशन. कोठडीत बसून ठशांचं कार्ड मिळवणं किती कठीण, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.