सात अंगठ्यांची झाली शेगडी

जानेवारी २०१९मध्ये अमेरिकी गायिका आरियाना ग्रांदे हिनं तळहातावर दोन जपानी अक्षरं गोंदवून घेतली. तिचं ‘सेव्हन रिंग्ज’ हे गाणं नुकतंच आलं होतं आणि तिला ‘सात अंगठ्या’ असं लिहायचं होतं. पहिलं अक्षर साताचं, दुसरं चाकाचं किंवा कड्याचं. सुटी पाहिली तर दोन्ही बरोबरच. पण शेजारीशेजारी आली, की जपानी माणूस ती ‘शिचिरिन’ अशी वाचतो, आणि शिचिरिन म्हणजे मासे-मांस भाजायची कोळशाची छोटी शेगडी. फार दुखत होतं म्हणून मधली अक्षरं गाळली, असं तिनंच सांगितलं. नंतर ‘बोट’ या अर्थाचं अक्षर घालून घेतलं, पण ते मध्ये न येता खाली आलं आणि शेगडीची जोडी तशीच राहिली.

जपानीनं ही अक्षरं चिनीतून घेतली. त्यांतलं प्रत्येक अक्षर साधारणपणे स्वतःचा अर्थ घेऊन येतं, पण दोन अक्षरं जुळली की अनेकदा तिसराच अर्थ तयार होतो. आपल्या ‘पोटपाण्या’त ना पोट उरतं ना पाणी, तसंच हे. शिवाय एकेका ठिपक्याला किंमत असते. ‘मोठा’ या अर्थाचं अक्षर तीन रेघांचं. त्याच्या उजव्या खांद्यावर ठिपका दिला की ‘कुत्रा’, खाली पायांत दिला की ‘अति’.

सर्वांत वाईट प्रकार तक्त्यांचा. पाश्चात्त्य देशांतल्या टॅटूच्या दुकानांत इंग्रजी ए ते झेडसमोर एकेक चिनी अक्षर मांडलेला तक्ता फिरत आला आहे. चिनी लिपीत अशी वर्णमालाच नाही. लेकराचं नाव म्हणून विश्वासानं गोंदवलेली ओळ त्यामुळे निरर्थक अक्षरांची रांग ठरते, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मात्र चूक ठरवणाराही चुकू शकतो. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमच्या हातावर पत्नीचं नाव देवनागरीत ‘व्हिक्टोरिया’ असं आहे. त्यात ‘ह’ जास्तीचा आहे म्हणून ब्रिटनमध्ये बरीच टीका झाली. हिंदीच्या नियमानं ती ठीक. पण मराठीत आपण हे नाव अगदी असंच लिहितो!

चुकलेलं अक्षर त्वचेवर टिकून राहतं ते शरीराच्या संरक्षण यंत्रणेमुळे. सुई शाई अंतस्त्वचेत सोडते. तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी शाईचे कण परके समजून गिळतात, पण ते त्यांना पचत नाहीत. फ्रान्समधल्या मार्से इथल्या संशोधकांनी २०१८मध्ये उंदरांवर दाखवलं, की अशी पेशी मेली की तिच्यातली शाई बाहेर पडते आणि नव्या पेशी ती जागच्या जागी पुन्हा गिळतात. पेशी बदलतात, अक्षर तिथंच राहतं. लेसरनं टॅटू काढताना या पेशींना काही काळ दूर ठेवता आलं, तर फुटलेले कण वाहून जाणं सोपं होईल, असं या संशोधकांनी सुचवलं आहे.